मांजराचा खाऊ म्हणजे गहू नव्हे



घरातल्या साठवणीबद्दल या पानावर आपण पुष्कळ बोललो. वर्षाचा गहू, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, रमजानचे खजूर. या वेळी जरा वेगळा डबा उघडायचा आहे. तो आहे घरातल्या मांजराच्या सुक्या खाऊचा.

हसू नका. आमचं धाड म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या टोकाचं गाव. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पलीकडे लगेच भोकरदन तालुका. अशा गावातसुद्धा आता किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी कॅट फूडची पाकिटं लटकलेली दिसतात. मांजर पूर्वीही घरोघर होतं, पण ते उंदरांवर आणि ताटातल्या उरल्यासुरल्यावर जगायचं. आता ते मुलांच्या अंथरुणात झोपतं आणि पाकिटातलं खातं. ते कसं ठेवायचं हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आम्हालाही नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्या मनूनं मोजली.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहरात गेलो असताना सात किलोची पिशवी घेतली. किलोमागे भाव चांगला पडत होता, म्हटलं चार महिने बघायला नको. घरी आल्यावर पिशवी फाडली आणि सगळा माल जुन्या पत्र्याच्या कोठीत ओतला. ही कोठी स्वयंपाकघरात उभी असते आणि आमच्या स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. रिकामी पिशवी चुलीत गेली. महिनाभर सगळं ठीक चाललं. मेच्या मध्यावर मनू वाटीजवळ यायची, वास घ्यायची आणि मान फिरवून निघून जायची. आम्ही म्हटलं, नखरे वाढले. अम्मी म्हणाल्या, "भूक लागली की झक मारत खाईल." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती खाटेखालून उठेना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरसाहेबांनी आधी तिचं खाणं मागवलं. मूठभर दाणे घेतले, स्वतः वास घेतला आणि मूठ अम्मींपुढे धरली. "अम्मी, जरा नाक लावून बघा." अम्मींनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा तर खवट खोबऱ्याचा वास आहे," त्या म्हणाल्या. खवट खोबऱ्याचा एक तुकडा मसाल्यात गेला तरी अम्मी अख्खा मसाला फेकायला लावतात. आणि तेच आम्ही त्या मुक्या जिवापुढे रोज दोनदा ठेवत होतो, वर तिलाच नखरेल म्हणत होतो.

औषध आणि कोंबडीचं पातळ पाणी देऊन मनू आठ दिवसांत सावरली, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक मांजरवाल्या घरानं लक्षात ठेवावी. मांजर माणसासारखं उपास काढू शकत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. म्हणून एक दिवस पूर्ण मांजरानं तोंड लावलं नाही, की आधी खाणं तपासा आणि मग डॉक्टर गाठा. नखऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी.

हे खाणं खराब का झालं? कोठी स्वच्छ होती. पाणी गेलं नव्हतं, किडे लागले नव्हते. आमची चूक अशी की आम्ही त्याला गहू समजलो.

गव्हाचा दाणा अख्खा असतो. त्याच्यावर अल्लाहनं साल चढवलेली असते, तेल अगदी थोडं आणि तेही आत झाकलेलं. म्हणून तो वर्षभर टिकतो. मांजराचा दाणा साधारण कुरकुऱ्यांसारखा तयार होतो. मांसाची भुकटी, मका किंवा तांदळाचं पीठ वगैरे एकत्र मळून, वाफेनं शिजवून, यंत्राच्या भोकांतून दाबानं बाहेर काढतात. तो फुगतो, मग वाळवतात, आणि शेवटी वरून चरबी किंवा तेल फवारतात, कारण त्या वासाशिवाय मांजर त्याला तोंड लावत नाही. म्हणजे तेल बाहेरच्या अंगाला आणि दाणा आतून जाळीदार. हवा त्याला सगळीकडून लागते. आता सांगा, हा गव्हाचा भाऊ की फरसाणाचा?

फरसाणाच्या तेलाला हवा, उष्णता आणि उजेड लागला की ते खवट होतं. कंपन्या ते लांबवण्यासाठी ई जीवनसत्त्वासारखे पदार्थ घालतात. पण पिशवी उघडली की ते संपत जातात. ते संपले की खवटपणा झपाट्यानं वाढतो आणि सोबत अ आणि ई ही जीवनसत्त्वंही उडतात. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. पाकिटावर छापलेली मुदत ही बंद पाकिटाची आणि थंड, कोरड्या जागेची असते. अमेरिकेतलं सरकारी अन्न व औषध प्रशासन तर सुकं खाणं सुमारे 27 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा असं सांगतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. तिथे छापील तारखेच्या भरवशावर राहून कसं चालेल?

आपल्या नाकाला हा बिघाड उशिरा कळतो. मांजराचं नाक कितीतरी तीक्ष्ण, त्याला आधी कळतो. म्हणून मनूनं मान फिरवली ती नखरा म्हणून नव्हे. ती आम्हाला खबर देत होती.

आता करायचं काय? सगळ्यात आधी हिशेब. चार किलो वजनाचं मोठं मांजर फक्त सुकं खाणं खात असेल, तर दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम खातं. म्हणजे महिन्याला दीड ते पावणेदोन किलो. 1.2 किलोचं पाकीट तीन आठवडे जातं. 3 किलोचं जवळजवळ दोन महिने. आमची सात किलोची पिशवी एका मनूला चार महिने पुरली असती. उघडलेली पिशवी चार, फार तर सहा आठवड्यांत संपवावी असं जाणकार सांगतात, आणि आपल्या उन्हाळ्यात चारच धरावेत. एक मांजर असेल तर लहान पाकीट घ्या. दोन-तीन असतील तर तीन किलोचं. मोठ्या पिशवीत किलोमागे वाचलेले पैसे शेवटी आम्ही उकिरड्यावर ओतले. ती बचत नव्हती, तो इसराफ होता.

अम्मींनी यावर स्वतःचा नियम काढला आहे. त्यांना इंग्रजी तारखा लक्षात राहत नाहीत, चांद राहतो. त्या म्हणतात, "या चांदाला पिशवी उघडली, तर पुढचा चांद दिसायच्या आत संपली पाहिजे." आमच्या घरात आता हाच कायदा आहे. तुम्ही पेननं पिशवीवर उघडल्याची तारीख लिहा किंवा चांद मोजा, पण मोजा.

दुसरी गोष्ट, पिशवी फेकू नका. या पिशव्यांना आतून हवा आणि तेल अडवणारा थर असतो. खाणं त्याच पिशवीत राहू द्या. दर वेळी काढून झालं की हात फिरवून आतली हवा बाहेर काढा, तोंड दोन-तीनदा दुमडा, कपड्याचा चिमटा लावा आणि अख्खी पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पिशवी हवा अडवते आणि डबा उंदीर, झुरळं, मुंग्या अडवतो. दाणे थेट प्लॅस्टिकच्या डब्यात ओतले तर भिंतींना तेलाचा थर बसतो. तो थर खवट होतो आणि पुढच्या ताज्या मालालाही वास लावतो. थेट ओतायचंच असेल, तर दर वेळी डबा भांड्याच्या साबणानं आणि गरम पाण्यानं धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून मगच भरा. जुन्यावर नवं कधी ओतू नका.

पिशवी जपायचं आणखी एक कारण आहे. तिच्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. उद्या मांजर आजारी पडलं, तर डॉक्टरांना आणि कंपनीला तोच नंबर दाखवावा लागतो. आम्ही तो चुलीत घातला होता.

तिसरी गोष्ट, जागा. गॅसजवळ नको, फ्रिजच्या वर नको, खिडकीतल्या उन्हात नको, पत्र्याखाली तर नकोच. ज्यांच्या घरात अजून मातीच्या भिंतींची, माळवदाची खोली आहे, त्यांना यासारखी जागा शोधून सापडायची नाही. आमचा डबा आता मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर असतो. माठाशेजारी मात्र ठेवू नका, तिथे ओल असते.

फ्रिजमध्ये ठेवावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. रोज आत-बाहेर केलं तर थंड दाण्यांवर दव धरतं, आणि वीज गेली की आणखी. ठेवायचंच असेल, तर आठवड्या-आठवड्याची लहान हवाबंद पाकिटं करा. एक काढलं की न उघडता तासभर बाहेर ठेवा, साधं झालं की मग उघडा, आणि परत आत नेऊ नका.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात हे खाणं खवटतं आणि पावसाळ्यात सादळतं. सुक्या दाण्यात पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून त्याला बुरशी लागत नाही. एकदा का तो पापडासारखा सादळला, की बुरशीला दार उघडलं. आणि बुरशीला साधी समजू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. आपल्या देशात 1974 साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात, बांसवाडा आणि पंचमहालकडे, पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या आजारानं दगावली. त्या घरांतली कुत्रीही त्याच आजारानं मेली, कारण ती त्याच मक्याचं खात होती. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत याच विषामुळे पाळीव प्राण्यांचं खाणं बाजारातून मागे घ्यावं लागलं आणि शंभरावर कुत्री मेल्याची नोंद झाली. हे विष शिजवून किंवा उन्हात तापवून जात नाही. म्हणून सादळलेले, गोळा झालेले, पांढुरके-हिरवट दाणे "ऊन दाखवून" परत वापरू नका.

असा खराब माल कोंबड्यांनाही घालू नका. म्हशीच्या आंबोणात तर नकोच, कारण ते विष बदललेल्या रूपात दुधात उतरतं आणि तेच दूध आपली मुलं पितात. खड्डा करून पुरून टाका.

चौथी गोष्ट आपल्या गावाकडच्या सवयींची आहे, म्हणून जरा ठासून सांगतो. धान्याला आपण कडुलिंबाचा पाला घालतो, बोरिक पावडर चोळतो, कुणी पाऱ्याच्या टिकड्या टाकतं, कुणी कपाटात डांबरगोळ्या ठेवतं. मांजराच्या खाण्याजवळ यातलं काहीही नको. गहू निवडून, धुऊन, दळून खाल्ला जातो, मांजराचा दाणा जसाचा तसा तोंडात जातो. शिवाय मांजराचं यकृत काही पदार्थ मोडूच शकत नाही. आपल्याला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. फिनेल आणि डांबरगोळ्याही त्याला विषच. म्हणून डबा फिनेलनं धुऊ नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्यांचा तर विचारही मनात आणू नका. त्यांच्या वायूनं घरातली माणसंही जातात. ज्या कोठीत कधी औषध घातलं होतं ती कोठी, युरियाची गोणी किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा यांचा वापर चुकूनही नको. मुंग्यांसाठी सोपा उपाय आहे. परातीत पाणी घाला आणि मधोमध मांजराची वाटी ठेवा.

पाचवी गोष्ट लहान मुलांच्या घरांसाठी. 2006 ते 2008 या काळात अमेरिकेत कुत्र्याच्या सुक्या खाण्यातून साल्मोनेला हा जंतू पसरून 79 माणसं आजारी पडली. त्यांतली जवळपास निम्मी दोन वर्षांची किंवा त्याहून लहान बाळं होती. तपासात असंही दिसलं की ज्या घरांत जनावराला स्वयंपाकघरात खाऊ घालत, तिथल्या बाळांना धोका जास्त होता. म्हणून मांजराची वाटी स्वयंपाकघराबाहेर, रांगत्या बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. खाणं काढायला वेगळा चमचा ठेवा आणि तो धूत जा. मांजराची वाटीच पिशवीत बुडवून भरू नका. वाटी रोज घासा, पण घरच्या भांड्यांत मिसळू नका. हात साबणानं धुवा. उष्टे उरलेले दाणे पिशवीत परत टाकू नका. दाणे पाण्यात भिजवून दिले असतील, तर उन्हाळ्यात तासाभरात उरलेलं फेकून द्या.

सुट्टं खाणं विकत घेण्याबद्दलही विचारणा होते. दुकानातली मोठी पिशवी कधी उघडली, कुठे ठेवली, हे आपल्याला कळत नाही. त्यापेक्षा लहान बंद पाकीट बरं. सुट्टं घ्यावंच लागलं, तर आठवड्याचंच घ्या. आधी वास घ्या, दाणा बोटांत दाबून बघा. ताजा दाणा कटकन मोडतो आणि त्याला मांसाचा, मासळीचा वास असतो. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, दाणा मऊ लागला, तळाशी जाळी किंवा भुकटी दिसली, तर हात जोडून परत द्या. पाकिटावरची घटकांची यादीही वाचून घ्या, आणि आत कोणती चरबी आहे याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या मौलाना साहेबांना विचारा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, दूध-पोळी घालावी. पण मांजर मांसावर जगणारं जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला खाण्यातूनच पुरेसा मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर मांजराचे डोळे जातात हे 1970 च्या दशकात कळलं, आणि हृदय कमजोर होतं हे 1987 साली. म्हणून पाकिटातलं नको असेल तर बिनकांद्या-लसणाचं उकडलेलं मांस द्या, पण नुसत्या दूध-पोळीवर मांजर ठेवू नका.

शेवटी मनाला लागलेली एक गोष्ट. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्या बाईची हदीस आली आहे, जिनं मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन काही टिपून खायलाही सोडलं नाही, आणि त्यापायी ती अजाबात सापडली. लहानपणापासून आम्ही ही हदीस ऐकत आलो आणि मनात म्हणत आलो की ती बाई किती निर्दय! आम्ही तर वाटी भरून ठेवतो. पण खाटेखाली पडलेली मनू पाहिली आणि कळलं, की वाटी भरलेली असूनही मांजर उपाशी राहू शकतं. दार आम्ही लावलं होतं, उंदीर पकडायची सवय आम्ही मोडली होती, आणि वाटीत जे होतं ते खाण्याजोगं नव्हतं.

नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मांजराला नापाक म्हटलं नाही, तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी म्हटलं. हजरत अबू कतादा रजि. यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरापुढे कलतं करून त्याला पिऊ दिलं, ही रिवायतही आपण ऐकली आहे. आपल्या भांड्यातलं जे पाणी आपण वापरतो तेच त्याच्यापुढे. आम्हाला त्यातून एवढंच कळतं, की जे आपण स्वतः नाक मुरडून फेकू, ते त्याच्यापुढे ठेवू नये.

आज ही पानं मिटलीत की एक काम करा. मांजराच्या डब्याचं झाकण उघडा आणि मूठभर दाणे नाकाशी धरा. अम्मी आता दर शुक्रवारी सकाळी हेच करतात. मनू त्या वेळी शेजारी बसून असते, आणि अम्मींनी मान हलवली की मग वाटीकडे जाते.

अल्लाह आपल्या घरातल्या मुक्या अमानती सांभाळायची आपल्याला तौफीक देवो, आमीन. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह.